पाठमोरा बिदिन

नाही नाही, बाई, तसं लिहू नका — जुळ्या भावांच्या दोन्ही भूमिका मीच करायचो हे खरं, पण शेवटी ते दोघे समोरासमोर येतात ना, तिथं मी एकटा जोहारी कसा पुरणार? मूळ इंग्रजी नाटकात दोन नट असतील, असोत बापडे! आमच्या बांगसावान, म्हणजे मलायी संगीत नाटकाच्या, कंपनीत येईस्तोवर त्यातलं काय शिल्लक राहिलं होतं? गाव मलाक्का, गाणी आमची, लिहिलेलं एक अक्षर नाही — मॅनेजर गोष्ट सांगणार, आम्ही तोंडाला येईल ते बोलणार. तर दुसरा भाऊ म्हणजे बिदिन. माझ्याच अंगलटीचा, माझ्यासारखाच अंगरखा, आणि पाठ प्रेक्षकांकडे. अकरा वर्षं! काही झालं तरी वळायचं नाही, एवढंच त्याचं काम. मी चिडवायचो, "तुझ्या बायकोनं तरी तुझं तोंड पाहिलंय का रे?" हसायचा बिचारा. घ्या ना कॉफी, निवतेय.

पुढे? पुढे काय, जपान्यांनी नेला. चुकून. — म्हणजे झालं असं, तेव्हा लढाईत त्यांचंच राज्य आलेलं, रस्त्यात त्यांचा शिपाई दिसला की वाकायचं, नाहीतर थोबाडीत. मी खेळात दिव्याच्या खांबापुढे वाकलो. अख्खं इपोह गाव हसून लोळलं! दुसऱ्या दिवशी दुपारी शिपाई आले, बरोबर दुभाषा. मी लुंगीवर, रंग नाही, मिशी नाही — कोण ओळखणार? बिदिन तिकडे भिंतीकडे तोंड करून, अंगातल्या अंगरख्याचीच उसवलेली बाही शिवत उभा. दुभाषा म्हणाला, "जोहारी कोण?" — ते तुमचं आवाज टिपायचं यंत्र बंद करा आधी. केलंत? — मी बोट दाखवलं. "तो," म्हणालो. मोठ्यानं म्हणालो हो, त्याला ऐकू गेलं. सुई थांबली ना त्याची! वळून नुसतं "मी नव्हे" म्हणाला असता तर? नाही वळला. मागूनच डोक्यावर गोणपाट टाकलं आणि नेलं. परत आला नाही. सवयीनं नाही वळला, की मला वाचवलं? कुणाला विचारू? मशिदीत मी पहिल्या रांगेतच उभा राहतो, बाई — पुढे कुणाची पाठ नको. भीती वाटते मला. या वयात, पाठीची भीती!

पुरे झालं. निघा आता. हे छापलंत तर मी म्हणेन, बाई खोटं बोलतात. — थांबा, तशा नका जाऊ! तोंड माझ्याकडे ठेवा, तशाच मागं मागं जा. पायरी आहे, सांभाळून — अहो, पाठ का केलीत? बाई! — ए... वळ ना रे. एकदा तरी वळ.