बसलेला घसा

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. कान-घशाच्या डॉक्टरांकडे एक आजी कान तपासून घ्यायला बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक शिंपीण आणि तिची शिक्षिका भावजय.

“संपाच्या घोषणा देऊन बसवलास ना घसा? भोग आता!”

“संप उद्यापासून आहे, वन्सं.”

“मग हा कशानं बसला?”

“सरकारनं शाळेचा खर्च कापला. दोन वर्ग एका हॉलमध्ये कोंबलेत. तुमचा गुंड्या शेवटच्या बाकावर. कितीही ओरडलं तरी त्याला ऐकू जात नाही.”

“अगं बाई! मला वाटलं, मेल्याला अक्कलच कमी. आणि मी कर भरते तो जातो कुठं?”

“तेच उद्या सभेत विचारायचंय. संघटनेनं मला बोलायला सांगितलंय, आणि आवाज हा असा.”

“तू पुटपुट, मी ओरडते. पण कर कमी करा, हेही ओरडणार हं!”

“कर कमी केला तर शाळेला पैसा कुठून यायचा?”

“ते तेवढं पुटपुटू नकोस.”

हे सगळं, पुटपुटणंसुद्धा, ऐकणाऱ्या आजींचे कान ठणठणीत निघाले. शिंपीण सभेत कडाडली. वर्ग वेगळे झाले, कर मात्र तेवढाच राहिला. गुंड्या पास झाला. शिक्षिकेचा आवाज पुरता परतला नाही; पण तिचं हळू बोलणं आता शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं.