होरो उजवीकडंच निघालं होतं

हॅलो? … हॅलो, कोण बोलतंय? … अगंबाई, विहीणबाई! बोला, बोला. … हो, मीच, कुना. नवरीची आजी. आमच्या घरात फोनवर एवढं ओरडणारं दुसरं कोण आहे? … पण तुमचा आवाज का असा? रडताय की काय? … धीर? मी कशाला धीर धरू? … कोण गेलं? … आमचे हे? त्सोलो?

थांबा हं, धरा जरा.

अहो! अहो, ऐकलंत का? तुम्ही गेलात म्हणे! … नाही, मी नाही म्हणत, नवऱ्या मुलाची आई म्हणतेय!

हॅलो. … नाही हो, आहेत. अंगणात मिरच्या भाजतायत. … आता कसे येतील फोनवर, मिरच्या करपतील ना. … ऐकल्यात ना शिव्या? गेलेला माणूस इतक्या ताज्या शिव्या देतो का?

पण तुम्हाला सांगितलं कुणी? … मी? मी कधी? … काल संध्याकाळी? काल संध्याकाळी तर मी नाचत होते! होरोच्या नाचाची तालीम नव्हती का आपली, तो चष्मा डोळ्यांवर चढवून, आपापल्या घरातून? तुम्हीही होतात की रांगेत. … हो. … हो. … काय? डावीकडं?

विहीणबाई, तोंड सांभाळून. नातीच्या लग्नाचं होरो मी डावीकडं नेईन? डावीकडचं होरो माणूस गेल्यावर नाचतात, हे तुम्ही मला शिकवणार? सासू गेली तेव्हा मीच पुढं होते. … गाणं लग्नाचंच होतं! … तुम्हाला ऐकूच आलं नाही? नुसती मी दिसले, डावीकडं जाणारी, आणि म्हातारा रांगेत नाही. … अहो, तो येतच नाही. म्हणतो, पावलं टिपणाऱ्या असल्या डब्या मी गाढवाच्या पायालासुद्धा बांधणार नाही. … आणि पोरं, नवरा-नवरी दोघंही, मुकाट माझ्या मागं आली? त्यांना वाटलं असेल, आजी नवीन काही शिकवतेय. तिकडं डब्लिनला राहून काय कळणार त्यांना.

बरं, मग तुम्ही काय केलंत? … गेलेल्याच्या नावानं वाटतात ते गहू शिजवलेत. साखर, अक्रोड, सगळं घालून. … देवा रे. कोंबड्यांना घाला ते, दुसऱ्या कुणाला सांगू नका. … आणखी काय? … वाजंत्रीवाल्याला नको म्हणून कळवलंत? परवा लग्न आहे, विहीणबाई! असा क्लॅरिनेटवाला प्लेवेनमध्ये दुसरा मिळायचा नाही! … लावा ना मग परत फोन. म्हातारा जिवंत आहे म्हणावं, दुर्दैवानं. … का नाही?

… हं. … हं. … अपशकुन. … असं बोलू नका हो. लग्नच पुढं ढकलायचं? अगं ऐक ना… ऐका ना, चुकून अगं निघालं. माझ्या नातीनं, रालित्सानं, काय केलंय? दिवसभर काम करून येते बिचारी, पायाला डब्या बांधते आणि पावलं गिरवते, लग्नात तुमची मान खाली जायला नको म्हणून. माझ्यापायी तिला कशाला शिक्षा?

आणि माझंही काय चुकलं? मी उजवीकडंच निघाले होते! इथं स्वयंपाकघरात उजवीकडं चूल आहे, चुलीवर आपटले, कोपर अजून काळंनिळं आहे, दाखवते आल्यावर. त्या डब्यांनीच घोटाळा केला. स्वस्तातल्या मागवल्या पोरीनं, काड्यापेटीएवढ्या, त्यांना काय कळतंय डावं आणि उजवं! महागातल्या असत्या तर… तुमच्याही त्याच? … आणि तुमच्या बरोबर चालतात. … हो का.

तुम्ही कमरेची डबी कुठं बांधता? … पोटावर. … दिवा पुढं करून. … खोक्यावरच्या चित्रात तसंच आहे. … हं.

काही नाही. … आहे, आहे, फोनवरच आहे. डबी हातात घेऊन बघतेय.

… पाठीवर. … पाठीवर म्हणतेय! कमरेची डबी मी पाठीवर बांधली. मग माझं पोट ती पाठ समजली आणि माझं उजवं ते तिचं डावं झालं असणार. … चित्र बघितलं की. पण पुढं माझं चांदीचं बकल होतं! आईनं दिलेलं, तळहाताएवढं. त्याच्यावर ती प्लॅस्टिकची डबी चिकटवू? … हो, पूर्ण पोशाख केला होता. विणलेला एप्रन, लोकरी मोजे, कानावर फूल. नातीच्या सासरची माणसं बघणार म्हणून. … दिसत नाही म्हणजे? पोशाख दिसतच नाही त्यात? मग तुम्हाला मी कशी दिसत होते? … निळी. … बाहुली. … आणि डोक्यावर केस? … एकही नाही?

हसा, हसा. काल टकलावर फूल खोचून नाचले मी. चार यत्ता शिकले आणि त्यातही चित्रांचा धडा सोडला असणार.

… ते खरं आहे तुमचं. लग्नातलं पहिलं होरो नवरीच्या सासूनं न्यायचं. मला माहीत आहे. रालित्सा म्हणालीच होती, आजी, पुढं त्यांना राहू दे. मी म्हटलं, त्यांना पावलं येतात का तरी! … हो, असंच म्हटलं. … नाचायला मला जास्त येतं, अजूनही सांगते. फक्त कुठल्या बाजूला, एवढंच राहिलं.

काय करू सांगा. … तेच होरो परत? उजवीकडं? … तुम्ही डोळ्यांनी बघाल, तेव्हाच वाजंत्रीवाल्याला फोन. … दुसरं काम घेण्याआधी तो किती वेळ थांबेल? … मग आत्ताच. घाला तुमचा चष्मा. मी फोन मोठ्या आवाजावर टाकून फळीवर ठेवते.

थांबा, बकल काढते. निघेना मेलं. … निघालं. डबी पोटावर. दिवा पुढं. आता हा बादलीएवढा चष्मा डोक्यावर… दिसते का मी? … अजून टकलीच? असू दे. बघा हं, उजवा पाय. कुठं चाललेय? … मोठ्यानं सांगा. … उजवीकडं ना? परत सांगा. … उजवीकडं!

नाही, नाही, मागं कशाला उभ्या राहताय? पुढं या. … या म्हणते ना. होरो नेणारीचा रुमाल तुमच्याकडं घ्या. मी मागून येते. … खरंच. एकदाच म्हणतेय, लवकर घ्या, नाहीतर मन बदलेल.

ऐका, आधी त्या क्लॅरिनेटवाल्याला फोन. … मग हा ठेवा ना! कानाला फोन लावून कुणी होरो नेतं का? … ठेवा, ठेवा. आणि लगेच परत या. मी हात पुढं करून उभी आहे.