पाच नंबरची सुई

धाकटी : या घरातून आजवर एक टाचणीसुद्धा हरवलेली नाही. हे मी कुठल्याही कोर्टात उभी राहून सांगेन.

थोरली : चष्मा कपाळावर आहे.

धाकटी : कुणाचा?

थोरली : तुझा. मघापासून उशा उलथ्यापालथ्या करते आहेस ना, तो. खाली घे आणि मोज.

धाकटी : तो हरवला नव्हता. वर होता. आण इकडे तो डबा. एक, दोन, तीन, चार… सहा.

थोरली : परत.

धाकटी : ताई, चौथ्यांदा मोजून सातवी सुई उगवणार नाहीये. फ्लॅनेलच्या तुकड्यावर सात घरं, प्रत्येक घरावर तू आकडा भरलेला, आणि पाचाच्या घरात कुणी नाही. गेली असेल कुठे फिरायला.

थोरली : सुया फिरायला जात नाहीत. सुया आत राहतात.

धाकटी : कशाच्या आत?

थोरली : मी शेवटचं काय शिवलं?

धाकटी : काय शिवलंस? पंधरा दिवसांत तर तू डबा उघडलाच नाहीस. डोळ्यांना विश्रांती चालली होती. त्याआधी बाळाची गोधडी… अगं बाई.

थोरली : हं.

धाकटी : नाही. असं काही नसतं हं.

थोरली : पाच नंबर लांब आणि बारीक. चार थरांतून जाते आणि वरून हाताला लागत नाही. म्हणून तर घेतली होती.

धाकटी : पण तू मोजतेस ना रोज? काम संपलं की सुया मोजल्याशिवाय तू चहासुद्धा पीत नाहीस. आख्ख्या गल्लीला माहीत आहे. मागच्या वर्षी पाहुणे ताटावर बसलेले आणि तू आत सुया मोजत होतीस.

थोरली : त्या दिवशी नाही मोजल्या.

धाकटी : का?

थोरली : तुझे जावई दारात गाडी चालू ठेवून उभे होते. पाच मिनिटांत निघायचंय, पाऊस यायच्या आत पोचायचंय, द्या लवकर. मी काठाचा शेवटचा टाका घातला, दोरा दाताने तोडला आणि घडी घातली. एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढली मी. मोजणीआधी पेशंट कधी बंद केला नाही. गोधडी केली.

धाकटी : आता थिएटर नको काढूस.

थोरली : ऐक. एकदा एक सर्जन माझ्यावर असा ओरडला होता. रक्त टिपायच्या कापडाच्या बारा घड्या दिल्या होत्या, परत आल्या अकरा. तो म्हणे, सिस्टर, बंद करू द्या, मला लग्नाला जायचंय. मी म्हटलं, नवऱ्यामुलाला थांबायला सांगा. चाळीस मिनिटं शोधलं.

धाकटी : आणि?

थोरली : त्याच्याच बुटाखाली चिकटली होती. पण मोजणी पुरी झाल्यावरच टाके घातले.

धाकटी : मग आपण पण बुटाखाली बघू. पलंगाखाली बघू. केरात बघू.

थोरली : सकाळपासून तेच करते आहे. फ्रीजवरचं लोहचुंबक काढून सगळ्या घरावरून फिरवलं. एक नाणं, दोन केसाच्या पिना आणि तुझी गेल्या वर्षी न हरवलेली किल्ली मिळाली.

धाकटी : ताई.

थोरली : काय?

धाकटी : पोरीचा सकाळी मेसेज आला होता. मी तुला वाचून दाखवला नाही, म्हटलं उगाच कशाला.

थोरली : वाच.

धाकटी : "आई, बाळ रात्रभर रडलं. का ते कळेना. कुशीवर वळवलं की जास्तच." एवढंच आहे.

थोरली : कुठल्या कुशीवर?

धाकटी : ते नाही लिहिलं.

थोरली : फोन लाव.

धाकटी : काय सांगायचं पण? ऐक, असं सांगू, गोधडीचा रंग सुटतोय, एकदा मिठाच्या पाण्यातून काढायची आहे, परत पाठव. म्हणजे ती घाबरणार नाही.

थोरली : आणि पाठवेपर्यंत आज दुपारी त्याला कशावर निजवेल?

धाकटी : हो गं. मग सरळ सांगू. पण तू सांग. तुझं ती ऐकते.

थोरली : लाव तर आधी.

(रिंग पूर्ण वाजून थांबते. पुन्हा लावतात. पुन्हा तेच.)

धाकटी : उचलत नाहीये. ती कधी असं करत नाही. दवाखान्यात तर गेली नसेल?

थोरली : जावयांना लाव.

धाकटी : त्यांचा बंद आहे. कामावर मशीनजवळ फोन नेऊ देत नाहीत. ताई, सुई अंगात फिरते म्हणतात, खरं का? शिरेतून जाते आणि—

थोरली : बस खाली. पाणी पी. सुई शिरेतून फिरत नाही.

धाकटी : नक्की?

थोरली : बहुतेक वेळा.

धाकटी : बहुतेक वेळा म्हणे. असंच सांगायचीस का पेशंटच्या नातेवाइकांना?

थोरली : नातेवाइकांशी डॉक्टर बोलायचे. मी मोजायचे. तुझी वही आण.

धाकटी : कुठली?

थोरली : बागेची. पेरणीपासून लिहितेस ती. त्यात तू माझ्यावरही शेरे मारतेस, माहीत आहे मला. कुठल्या दिवशी मी कुठल्या सुईने काय केलं ते मला तारीखवार पाहिजे.

धाकटी : तू वाचतेस माझी वही?

थोरली : शाळेच्या कचेरीत सत्तावीस वर्षं आवक-जावक लिहिलीस आणि निवृत्तीनंतर टोमॅटोची आवक-जावक लिहितेस. त्यात लपवण्यासारखं काय आहे? वाच.

धाकटी : बरं. पहिला आठवडा. "दुधीच्या बिया, सहा, जावक, मातीत. ताईने गोधडीचं कापड बेतलं. बाबांचा चौकड्यांचा शर्ट, पोरीचा शाळेचा फ्रॉक, थिएटरचा हिरवा गाऊन. माझा पडदा न विचारता कापला."

थोरली : तो फाटला होता.

धाकटी : किनार चांगली होती. तिसरा आठवडा. "दुधी चार उगवले. दोन गोगलगाईने खाल्ले. ताईचा एक कोपरा वाकडा. मी बोलले. बोलायला नको होतं." सहावा. "मांडवाला दोऱ्या बांधल्या. वेल वर चढला. ताईने कोपरा उसवून परत शिवला. मला काही म्हणाली नाही, पण भाजीत मीठ जास्त." अकरावा. "बाळ आलं. वजन पावणेतीन किलो. पहिलं मादीफूल. दोन्ही एकाच दिवशी. ताई रडली. कांदा चिरतेय म्हणाली. कांदा नव्हता."

थोरली : पुढे.

धाकटी : बारावा. "फळमाशी आली. ताईच्या हिरव्या गाऊनच्या उरलेल्या कापडाच्या तीन पिशव्या शिवून तीन कोवळ्या दुध्यांवर चढवल्या. आता बसा म्हणावं बाहेर." चौदावा, गुरुवार…

थोरली : गोधडी गेली तो दिवस. वाच.

धाकटी : काही विशेष नाही त्यात.

थोरली : वाच म्हटलं.

धाकटी : "टोमॅटो अकरा, आवक. मिरचीला मावा, साबणाचं पाणी मारलं."

थोरली : वही इकडे दे.

धाकटी : अगं, अक्षर लागायचं नाही तुला.

थोरली : डॉक्टरांचं अक्षर लागायचं मला. दे. "मोठ्या दुधीची पिशवी उसवली. दुधी वाढला, पिशवी वाढली नाही. ताई डोळ्यांत थेंब घालून दहा मिनिटं आडवी. सुई, एक, जावक." आणि पुढे आवक?

धाकटी : आवक कोरी आहे.

थोरली : कुठली सुई घेतलीस?

धाकटी : मला काय नंबर बघायची सवय आहे का? वरचीच उचलली. लांब होती. ताई, मी शिवतच होते, अर्धी शिवण झाली होती, तेवढ्यात जावयांनी हॉर्न वाजवला. मी सुई तिथेच टोचून ठेवली, पिशवीच्या दुमडीत. म्हटलं, येते आणि पुरं करते.

थोरली : लांब म्हणजे पाच नंबर. काठ मी तीन नंबरने घातला, म्हणून मला कळलं नाही. मग ती मांडवावर आहे. चल. चप्पल घाल.

धाकटी : हा धाकटा दुधी, हा मधला. हळू चाचप, काठाकाठाने.

थोरली : यात नाही. यातही नाही. तिसरा कुठे आहे?

धाकटी : थांब, आठवू दे.

थोरली : आठवू नकोस, वाचते. वही आहे माझ्या हातात. "जावई आले. गोधडी, एक, जावक. मोठा दुधी, एक, पिशवीसकट, जावक." पिशवीसकट.

धाकटी : साल कोवळी होती. गाडीवर तिला ओरखडे आले असते.

थोरली : म्हणजे सुई गोधडीत नाही. पिशवीत आहे.

धाकटी : मग सुटलो ना. दुधी काय, ओट्यावर पडला असेल. बाळ काही दुधीवर झोपत नाही.

थोरली : मग तोंड का असं झालंय तुझं?

धाकटी : मी जावयांना म्हटलं होतं… तू आत घडी घालत होतीस तेव्हा… म्हटलं, पिशवी टाकू नका हं. दहा वेळा धुतलेलं कापड आहे, लोण्यासारखं मऊ. नुसती दुमडली की बाळाच्या डोक्याला टोपी होईल.

थोरली : टोपी.

धाकटी : ओरड की गं माझ्यावर. असं बघू नकोस. चोरून घेतली, परत ठेवली नाही, वर टोपी घालायला सांगितली. ओरड.

थोरली : सुई कुणीही उचलतं. मोजणारी एकच असते. त्या दिवशी मोजलं असतं तर तिथल्या तिथे सहा निघाल्या असत्या, आणि जावई गाडी बंद करून थांबले असते. फोन लाव परत.

धाकटी : वाजतोय. अजून वाजतोय. ताई, घे. तूच धर. उचलला. उचलला.

लेक : आई, हळू बोल, आत्ताच झोपलंय. आवाज बंद ठेवला होता फोनचा. दोन मिस्ड कॉल? कुणाला काही झालं का?

थोरली : मावशी बोलतेय. नीट ऐक आणि घाबरू नकोस. बाळाच्या डोक्यावर आत्ता काय आहे?

लेक : केस. म्हणजे थोडे आहेत. का?

थोरली : हिरवी टोपी नाही ना?

लेक : कुठली हिरवी टोपी? मावशी, तू बरी आहेस ना?

थोरली : दुधी ज्या पिशवीत आला ती पिशवी कुठे आहे? तिच्या दुमडीत माझी एक सुई राहिली आहे. चूक माझी आहे. मी मोजलं नाही. आधी ती पिशवी बाळापासून लांब ठेव, मग बोल.

धाकटी : चूक माझी आहे गं. मावशीची नाही. मी चोरली.

लेक : ती सुई होय? ती त्याच दिवशी मिळाली. दुधी धरला आणि बोटात गेली खचकन.

धाकटी : मग सांगितलं का नाहीस?

लेक : काय सांगायचं? दुधीत सुई निघाली म्हणून? मला वाटलं तुझा काहीतरी नवा प्रयोग असेल, किडीवरचा. मागे नाही का तू वांग्याच्या झाडाला आरसा टांगला होतास?

थोरली : आता कुठे आहे ती?

लेक : ड्रॉवरमध्ये. छान आहे गं, गुळगुळीत जाते. बाळाच्या बाबाच्या शर्टाला तीन बटणं लावली. परत हवी होती का?

थोरली : आणि पिशवी?

लेक : तिच्यात लसूण भरून टांगलाय.

धाकटी : आणि रात्री का रडलं मग? कुशीवर वळवलं की जास्त, लिहिलंस तू. आमचा इकडे जीव जायची वेळ आली.

लेक : वारा धरला होता पोटात. पहाटे एवढा मोठा ढेकर दिला आणि झोपलं. मेसेज टाकला आणि नंतर कळवायचं राहून गेलं. सॉरी.

धाकटी : बघ ताई, झालं. सात. सहा इथे आणि एक तिथे. मी वहीत आवक लिहून टाकते.

थोरली : थांब. एकदा गोधडी बघितल्याशिवाय मी मोजणी पुरी झाली म्हणणार नाही. टाचण्याही लावल्या होत्या मी तिला. बाळाला अलगद उचल, गोधडी काढ आणि तळव्याने दाबत दाबत चारही काठांवरून हात फिरव. मी फोन धरून थांबते.

लेक : त्याला कशाला उचलायचं? गोधडी तर वर आहे.

थोरली : वर म्हणजे?

लेक : कपाटावर. तू दिलीस त्याच पिशवीत. उघडलीच नाही अजून. मावशी, किती नाजूक काम आहे ते, नुसता कोपरा बाहेर काढून बघितला तरी भरून आलं मला. हे दिवसातून आठ वेळा ओलं करतं. त्याच्याखाली घालायला जीव झाला नाही.

थोरली : पंधरा दिवस?

लेक : सतरा. मोठं झालं की काढू.

धाकटी : मग ते झोपतं कशावर?

लेक : टॉवेलवर.