अपील नाही, तर आऊट नाही

आऊट-नॉटआऊटवरून भांडताय म्हणून सांगतो. सावद्याला टेस्ट मॅच असली की आम्ही शेजारच्या नानांकडे पडीक असायचो. नाना केळीचे व्यापारी. पहाटेच गाड्या भरून रवाना करायचे आणि मग दिवसभर टीव्हीसमोर.

त्या दिवशी आपला फलंदाज नव्वदीत होता. चेंडू बॅटची कड घेऊन कीपरच्या हातात गेला. टीव्हीवर पुन्हा दाखवलं तेव्हा तर स्पष्टच दिसलं. पण मैदानात कुणाला कळलंच नाही, कुणी अपील केलं नाही. गडी उभाच.

मी म्हटलं, "नाना, त्याला तर माहीत होतं ना? आपण होऊन जायला पाहिजे होतं."

"का म्हणून?" नाना उसळले. "अरे भो, नियम आहे. अपील नाही, तर आऊट नाही. कुणी विचारलंच नाही, तर तो कशाला सांगेल?"

नानांच्या बायको, अक्का, चहा घेऊन आल्या होत्या. त्यांना क्रिकेटमधलं काही कळत नाही, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

"असा नियम आहे होय?" त्या शांतपणे म्हणाल्या. "लग्नानंतर यावलच्या शाळेत मला नोकरी लागली होती. तुम्ही मला न विचारता नको म्हणून कळवलंत. मी अपील केलं नाही. म्हणून तुम्ही अजून खेळताय."

आम्ही सगळे टीव्हीकडे बघत राहिलो. अक्का तिथंच खुर्चीवर टेकल्या.

चहा संपल्यावर नाना उठले, सगळ्यांचे कप गोळा केले आणि मोरीत जाऊन विसळू लागले.

आऊटचं बोट कुणीच वर केलं नव्हतं.