शंभर येनचं पाकीट

नाही, तू आधी तो शब्द मागे घे, रूपाली. अपशकुन म्हणे! बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली सून तू माझी, सम्यकच्या लग्नाला मुहूर्तबिहूर्त बघायचा नाही म्हणून माझ्या जगदीशशी, सख्ख्या नवऱ्याशी भांडलीस — आणि आज माझ्या तोंडावर अपशकुन? डिशवॉशर लावत लावत ऐक, माझी हरकत नाही, पण ते चमचे आपटू नकोस. कान शाबूत आहेत माझे. काय म्हणालीस मघाशी — "आई, रविवारी तुम्ही घरीच थांबा." नातवाच्या लग्नाचं जेवण, आणि आजी इथे ईलिंगच्या घरी टीव्हीसमोर. का, तर सम्यकच्या होणाऱ्या सासूच्या हातात, त्या मिओच्या आईच्या हातात, मी मयताचं पाकीट ठेवलं.

ठेवलं. नाही कुठे म्हणते मी? त्या जपान्यांच्यात मयताच्या घरी पैसे घालून द्यायचं असतं ते, हे मला काय स्वप्न पडलं होतं? पांढरं शुभ्र, वर काळी-चंदेरी दोरी — मला आवडलं. म्हटलं, भडकपणा नाही, आपल्या विहारासारखं साधं. आणि वर अक्षर होतं, बुद्धाचं. उभा माणूस आणि शेजारी दुमडलेला कोपरा. साउथहॅम्प्टनला जपानी भन्ते आले होते ना, त्यांनी फळ्यावर काढलं होतं, मी औषधाच्या चिठ्ठीमागे उतरवून घेतलं. बुद्धाच्या नावाचं पाकीट नव्या सोयरिकीत द्यायचं नाही तर कुठे द्यायचं? ओसाकाच्या दुकानातली ती पोरगीसुद्धा पाकीट हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली — डोळे खाली, कमरेतून वाकली, हळूच काहीतरी पुटपुटली. मला वाटलं, ओळखलं हिने, आपल्यातलीच आहे! मीही हात जोडले, म्हटलं, जय भीम! आता कळतंय, बिचारी सांत्वन करत होती माझं. हस, हस. मलाही आलं हसू, नंतर.

पण "वाचता येत नाही तर विचारायचं ना" — हे तू बोलायला नको होतंस. चौथीतून काढलेली बाई मी. किराण्याच्या पुड्यांच्या कागदावर मराठी शिकले, इथल्या बसच्या पाट्यांवर इंग्रजी. काउन्सिलला पत्रं कोण लिहितं या घरातून? तुमच्या कचऱ्याच्या बिन्सची तक्रार कोणी केली? विचारायचं म्हणे. कुणाला? तुम्ही होतात कुठे?

नाही, आता काढलंच आहेस तर ऐक. ओसाकातला तो वरून छत घातलेला रस्ता — पुढून माणसं, मागून माणसं, प्रत्येक दाराशी कोणीतरी ओरडतंय, गाणी, दिवे, तळणाचा वास. शंभर येनच्या दुकानात मला सोडलंस — "आई, तुम्ही निवांत बघा, आम्ही समोर जाऊन आलोच" — आणि सगळे गेलात त्या पंज्याने खेळणी उचलायच्या मशिनांवर. वीस मिनिटं म्हणालीस. दोन तास दहा मिनिटं, रूपाली. घड्याळ आहे माझ्या मनगटाला. फोन? फोन तुझ्याच पिशवीत होता. सगळ्या रांगा फिरले मी. मोज्यांची, गाळण्यांची, केळं ठेवायच्या डबीची — डबीसुद्धा केळ्यासारखी वाकडी! स्वस्त म्हणजे किती स्वस्त, आणि एक वस्तू ओबडधोबड नाही. मग गुडघे बोलायला लागले. दाराशी ती मशिनं होती, नाणं घालून कडी फिरवली की प्लॅस्टिकचं अंडं पडतं, तिथे पोरांच्या स्टुलावर टेकले. एक नाणं घातलं, वेळ जावा म्हणून. आतून काय निघालं असेल? खुर्ची. बोटाएवढी. माझ्याकडे बघत बसली.

बाहेर का नाही आले? कारण दुकानाचं नाव वाचता येईना. पाच पावलं गेले असते तर परत सापडलं नसतं. हजार पाट्या लखलखतायत आणि मला एक काना कळत नाही — इतक्या वर्षांनी पुन्हा अडाणी झाले मी, भर बाजारात. कुणाला सांगितलं नाही हे, जगदीशलासुद्धा नाही. मग परत आत गेले, आणि पाकिटांच्या रांगेत ते अक्षर दिसलं. अख्ख्या रस्त्यात मला ओळखणारं तेवढं एकच. खरेदी कसली गं, त्याला धरून उभी होते मी, तुम्ही येईपर्यंत. तू आलीस गुलाबी अस्वल काखेत मारून, म्हणालीस, "आई, कंटाळला नाहीत ना?" मी म्हटलं, छे, मजा आली.

हे बघ, डोळे पूस. त्यासाठी नाही सांगितलं. सांगणारच नव्हते, तू बोलायला लावलंस.

थकले बाई मी भांडून. अपशकुन नाही म्हणजे नाही — पण पाकीट घेताना त्या बाईचा चेहरा उतरला, तो मी पाहिलाय. तरी हसली ती, दोन्ही हातांनी घेतलं. त्याची माफी मला मागायची आहे, माझ्या तोंडाने. तू फोनवर "शी इज ओल्ड, शी डिडन्ट नो" असलं काही बोलायचं नाहीस. ठेव तो चमचा आणि लाव मिओला फोन. सांग तिला, या कांताबाईला तुमचं एकच अक्षर येतं आणि तेही तिने चुकीच्या जागी वापरलं, म्हणून रविवारी तुझ्या आईच्या शेजारी तिची खुर्ची मांड — दुसरं अक्षर ती त्यांच्याकडूनच शिकणार आहे.