हातोडा गप्प असताना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पाणीमंडळाचे प्रमुख फ्लोरिन वाल्नर, व्यासपीठावर बसलेले आपले धर्मगुरू फादर एंगेलबर्ट, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण एवढी खटपट केली ते आपले पाटकरी कास्सियान थ्योनी, आणि ग्राफाइन गावातल्या माझ्या बायाबापड्यांनो, पोराबाळांनो...

बसा. कृपा करून बसून घ्या. खिडकीत गर्दी केली म्हणून हातोडा लवकर सुरू होत नाही.

मघाशी फादरांची प्रार्थना चालू असताना वरचा ठोका थांबला, हे तुमच्याइतकंच मलाही कळलंय. वसंतात पाट सोडला की पार शरदापर्यंत तो ठोका आपल्या कानात असतो. पाण्यावर चाक फिरतं, हातोडा फळीवर पडतो, आणि त्या तालावर आपण गवत कापतो, भांडतो, झोपतो. तो थांबला की पाळण्यातलं पोरसुद्धा डोळे उघडतं. कारण तो थांबला म्हणजे वर कड्यात पाट तुंबला, पाणी पन्हळीबाहेर पडून उतारात मुरायला लागलं. आणि त्या उताराच्या पायथ्याशी आपण सगळे नवे कपडे घालून बसलोय.

नवी पाटकरीण वर गेली आहे. ही रिकामी खुर्ची तिची. कास्सियाननी आज सकाळीच तिच्या हातात फावडं दिलं, फादरांनी पाणी शिंपडलं, आणि दुपारी तिला पहिली हाक आली. ती माझी मुलगी, बुर्गी. मला तेवढी एकच आहे.

अध्यक्षांनी आत्ता माझ्या कानात सांगितलं, "क्रेशेंझ, कार्यक्रम थांबवायचा नाही. तू बोलत राहा, म्हणजे लोक बसून राहतील." एरवी मी बोलायला लागले की लोक उठतात, हे बहुधा अध्यक्षांना ठाऊक नसावं. बरं, मी यांना एरवी अरे-तुरेच करते. आज व्यासपीठावर आहेत म्हणून अहो-जाहो.

तर बोलते. मला भीती वाटते आहे. हे सांगून टाकलं म्हणजे पुढचं बोलायला सोपं जाईल.

मार्टिन, तू हळूहळू दाराकडे सरकतोयस, ते दिसतंय मला. बस. का जायचं नाही, हे तुला तुझ्या घरच्यांनीच सांगितलं असेल. आपल्या आजोबांच्या वेळी असाच हातोडा थांबला, आणि सगळा गाव मदतीच्या भरात वर धावला. बांध आतून भिजून मऊ झालेला, त्यावर सगळ्यांचं वजन पडलं. बांध माणसांसकट खाली आला. तेव्हापासून वर जायचं ते एकट्या पाटकऱ्यानं, बाकीच्यांनी एका जागी बसायचं. आणि कास्सियान, हे तुम्हालाही लागू आहे हं. तुमचा पाय मघापासून खुर्चीखालून पुढे येतोय. फावडं आता तुमचं नाही.

तर, सत्कारमूर्तींबद्दल. यांच्याबद्दल बोलायचं म्हणजे पंचाईतच, कारण हे स्वतः बोलत नाहीत. पण पाणी यांचं ऐकतं. वरच्या पाटाच्या काठावर जागोजागी पाचर काढायची, पाणी काठावरून असं पातळ सांडायचं की सगळं कुरण ओलं होईल पण मातीचा कणही वाहून जाणार नाही. शेजारच्या खोऱ्यात अजून बर्फ असतो, तेव्हा आपल्या उतारावर गवत हिरवं होतं. हे तुम्ही जाणताच. पण पाण्याची पाळी वाटणं म्हणजे शिव्या खाण्याचं काम, हेही तुम्हीच जाणता, कारण दिल्या तुम्हीच. माझ्या सासूबाईंनी एकदा यांना भर रस्त्यात अडवलं.

"कास्सियान, माझ्या कुरणाला पाणी कमी सोडलंस."

"पाळीइतकंच सोडलं."

"मग शेजारणीचं गवत गुडघ्याएवढं कसं?"

हे म्हणाले, "तिथे कुणी दिवसभर ओरडत नाही, गवताला शांतपणे वाढू देतात." आणि निघून गेले. सासूबाई आठवडाभर कुणाशी बोलल्या नाहीत. आमच्या घरात त्या आठवड्याची अजून आठवण काढतात.

हसलात, बरं वाटलं. अजून ठोका नाही. नाही ना? माझे कान आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. फादर, तुम्हाला काही ऐकू येतंय? नाही.

मग आता ते सांगते, जे मी आजवर कुठे बोलले नाही. कागदावर लिहून आणलेलं भाषण वेगळं होतं. त्यात 'निष्ठा' आणि 'सेवा' हे शब्द बरेच होते. ते राहू द्या.

यांच्या आधी पाटकरी माझा नवरा होता, सेव्हेरिन. थोरांना आठवत असेल. बुर्गी तेव्हा रांगत होती. असाच वसंत होता, आणि याच सभागृहात एका लग्नाचं जेवण होतं. हातोडा थांबला. सेव्हेरिननं टोपी घातली, "सूप गार होऊ देऊ नकोस" म्हणाला आणि गेला. आम्ही सगळे असेच बसून राहिलो. मग ठोका सुरू झाला. काय ओरडलो आपण तेव्हा! वाजंत्र्यांनी तर त्याच तालावर वाजवायला घेतलं. मी हसत हसत त्याचं ताट वाढलं. ताटावर ताट झाकून ठेवलं.

त्यानं बर्फाचा गठ्ठा फोडला होता, पाणी मोकळं केलं होतं. पण मागे साठलेलं पाणी एकदम सुटलं, आणि त्या पाण्यानं त्याला पन्हळीवरून कड्याखाली नेलं. पाणी हातोड्यापर्यंत आलं. तो आला नाही. आपण नाचत होतो. हातोडा पाण्याची खबर देतो, माणसाची देत नाही, हे त्या दिवशी कळलं.

नंतर नवा पाटकरी ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या, त्यात निघाली ती कास्सियानची. पहिल्या दिवशी ते वर गेले. मी अंगणात होते, बुर्गी कडेवर. संध्याकाळ व्हायला आली होती, आणि चालता चालता हातोडा थांबला. एक श्वास घ्यावा इतकाच थांबला, आणि पुन्हा सुरू. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी यांना पाराशी गाठलं.

"काय रे, जीव घेतोस का माझा? तो हातोडा मध्येच का बंद पडतो?"

"बंद पडत नाही. मी धरतो."

"कशाला?"

हे टोपी फिरवत म्हणाले, "कडा उतरून हातोड्याशी पोचलो, की हातानं धरतो. मी खाली आलो, हे तुला कळावं म्हणून."

एवढंच. तेव्हापासून एक संध्याकाळ चुकली नाही. ताप असताना नाही, गारा पडत असताना नाही. यांचं माझं नातं नाही, गोतं नाही. पण रोज संध्याकाळी तो ठोका चुकायचा आणि मग मी चुलीपाशी जायचे. अध्यक्षमहोदय, तुम्ही सुतार. रोज संध्याकाळी चाक अडकतं म्हणून तुम्ही दोनदा त्याचा कणा बदललात, मंडळाच्या बैठकीत लाकडाला नावं ठेवलीत. लाकडात काही खोट नव्हती, फ्लोरिन. तिथे माणूस उभा असायचा.

कास्सियान, मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आज मानते. तू मला झोप दिलीस.

आणि आता सगळ्यांसमोर एक विचारते. तू हे बुर्गीला सांगितलंस का? हातोडा धरायचं?

... हे म्हणताहेत, "तू सांगू नको म्हणाली होतीस." हो, म्हणाले होते. पोरीनं आयुष्यभर माझ्यासारखं कान लावून बसू नये, असं वाटलं मला. तिला मी तिच्या बापाचं एवढंच सांगितलं, की पाय घसरला. म्हणजे ती धरणार नाही. तिला माहीतच नाही.

थांबा.

ऐका.

सुरू झाला! हो, सुरू झाला. टाळ्या नकोत! हात जोडते, टाळ्या नकोत. हिल्डा, ते सुपाचं पातेलं खाली ठेव. तिचं ताट वाढू नकोस. इतक्यात नको. हे पाणी आहे. फक्त पाणी आलंय.

कड्यावरून हातोड्यापर्यंत उतरायला जरा वेळ लागतो. तोवर मी आभार मानून घेते. कुणी उठू नका, बोलू नका. मी बोलते ते हळू बोलते, म्हणजे ऐकू येईल.

फादर एंगेलबर्ट, आपण वेळात वेळ काढून आलात, आपले आभार. मघाशी आपली प्रार्थना अर्धी राहिली, ती मनात चालू ठेवा. सभागृह सजवणाऱ्या मुलींचे आभार. भाकरी आणि धुरी दिलेलं मांस ज्या घरांतून आलं, त्या घरांचे आभार. जर्दाळूची दारू कुणी आणली ते विचारू नका, पण त्यांचेही आभार. तू दार उघडं ठेवलंस, मार्टिन, तुझे आभार. वाराही पडलाय, बरं झालं.

ठोका चालू आहे. अजून चालूच आहे.

तिला सांगायला हवं होतं मी. कास्सियान, माझ्याकडे असं बघू नकोस. तुझं काही चुकलं नाही.

तर, मंडळी, मी काही भाषणं करणारी बाई नव्हे. हातात आलेला कागद बाजूला ठेवून मनाला येईल ते बोलले. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, सासूबाईंबद्दल जरा जास्त बोलले असेन, तर मोठ्या मनानं पदरात...

थांबला.

एक श्वास. कास्सियान, थांबला! ऐकलंस? अजून थांबलेलाच आहे. तुझ्यापेक्षा जास्त वेळ धरलाय तिनं. कुणी सांगितलं नव्हतं तिला. माझ्या कडेवर बसून रोज संध्याकाळी ऐकत होती, आणि तिला वाटलं असेल, पाटकरी खाली आला की असंच करतो.

आता सुरू झाला.

माझं बोलणं संपलं. हिल्डा, सूप वाढ. बुर्गीचं ताट आधी वाढ.