हजेरीतलं नाव

...आन् वर मलाच विचारत्यात, "तू कोण?" तुम्हाला सांगतो, चौदा वर्सं तामलवाडीच्या रस्त्याला त्या दाळमिलीत राबलो, मशिनीच्या पट्ट्यात डाव्या हाताची दोन बोटं गेली, म्हैनाभर घरी पडलो, आन् हात बांधून गेटावर गेलो तर मालक म्हणतो, "कोण वैजनाथ? या नावाचा माणूसच न्हाय आमच्याकडं!" मंग म्या कोण?

गेलो कामगार अधिकाऱ्याकडं. साहेब लई भला माणूस. "काका, कायदा तुमच्याच बाजूनं आहे. भरपाई मिळेल. फक्त तिथं कामाला होता याचा पुरावा द्या. नेमणूकपत्र? हजेरीकार्ड?" म्हणलं, साहेब, बोटं तिथंच पडलीत की! तर म्हणतो, "बोटांवर नाव असतं का?"

तरी बिचारा तपासणीला आला. मालकानं समद्यांना रांगेत हुबं केलं. पहिला मल्लिनाथ, चौदा वर्सं माझ्या शेजारी पोती शिवणारा! त्यानं माझ्याकडं बघितलं... पण कसं? काचंतनं पल्याड बघावं तसं. "न्हाय साहेब, कधी बघितला न्हाय." मंग दुसरा, तिसरा... बारा जण, एकाच आवाजात, "कधी बघितला न्हाय." घरी येऊन आधी आरशात बघितलं. दिसतो का न्हाय म्या?

आठ दिवसांनी मिलीला मजूर पुरवणारा ठेकेदार शरणप्पा दारात. आवाज काय गोड! "वैजूभाऊ, राग सोडा, कामाला या. फकस्त हजेरीला व्यंकट म्हणून हाक मारीन, तवा हजर म्हणायचं."

व्यंकट? आमच्याच मिलीत पोती उचलायचा त्यो. "आवो काय बोलायलाव! दोन साल झाले त्याला जाऊन, म्या खांदा दिलाय!"

"माणूस गेला, रजिस्टरातलं नाव कुठं गेलंय?"

पोट हाय, गेलो. रोज सकाळी हाक, "व्यंकट!" की म्या "हजर!" पुढं पुढं गल्लीत कुणी 'आवो वैजनाथराव' म्हणलं तर मला तीन हाका लागायला लागल्या. मंग म्या कोण?

आन् परवा... शरणप्पानं हाक दिली, "व्यंकट!" माझं तोंड उघडायच्या आत मागनं आवाज आला, "हजर." खोल... दाळीच्या धुरळ्यातनं आल्यागत. वळलो तर कुणीच न्हाय! शरणप्पानं मान सुदिक वर केली न्हाय, टिक मारली.

"शरणप्पा, आवो म्या हितं हाय ना!"

रजिस्टर मिटत म्हणतो कसा, "तू कोण? व्यंकट गेला की आत."

आलो गुमान घरी. आता तुम्हीच सांगा, जित्या मालकापुढं काय चाललं न्हाय, मेल्याबरुबर कुठं भांडत बसू?